खंडेनवमीची चंदी

खंडेनवमीच्या सकाळी म्हस्क्यांच्या पागेत अकरा जनावरं होती: सात घोड्या, तीन घोडे आणि एक शिंगरू. खोगिरं नऊ, त्यांतल्या चारांचे तंग, म्हणजे पोटाखालचे पट्टे, झिजलेले. रिकिबी अठरा. लगाम अकरा. शिंगराला लगाम नसतो, म्हणजे एक जास्त. वैशाखात मेलेल्या सब्ज्या घोड्याचा लगाम दादांनी खुंटीवरून काढू दिला नव्हता. घोड्यांच्या हौदात हातभर गढूळ पाणी होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी पिण्याच्या पाण्याची दोन पिंपं होती, एक भरलेलं आणि एक निम्मं. दोन्हींच्या झाकणांवर दगड ठेवले होते.

हे सगळं गोरक्षानं मोजलं. उद्या दसऱ्याला येवल्याचा व्यापारी यायचा होता आणि अख्खी पागा एकदमच नेणार होता.

पागा विकायची असं कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पावसाविना हे दुसरं साल होतं. श्रावणात घरची विहीर आटली, तेव्हापासून गोरक्ष बैलगाडीनं बुऱ्हाणनगरच्या बाजूच्या एका विहिरीवरून रोज दोन खेपा पाणी आणत होता. एका खेपेत चार पिंपं. दसऱ्यानंतर त्या विहिरीवर दिवसाला एकच खेप मिळेल, असं विहिरीच्या मालकानं सांगून टाकलं. अकरा घोडी, दोन बैल आणि घरची माणसं चार पिंपांत बसत नव्हती. गोरक्षानं हा हिशेब भाद्रपदात दादांसमोर, म्हणजे राधाकृष्ण म्हस्क्यांसमोर, बोटांवर मांडून दाखवला. त्याची थोरली बहीण केशर कोपरगावला दिलेली. तिचे मालक काकासाहेब यांच्या ओळखीत येवल्याचा व्यापारी निघाला. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" एवढंच म्हणाले. छबूबाई तेव्हा चुलीपाशी होती. तिनंही नवऱ्याची बाजू घेतली नाही. विहिरीपासून गाडीपर्यंत कावड वाहून गोरक्षाच्या खांद्यावर जुवासारखे वळ उठलेले तिनं पाहिले होते.

दादांचे वडील इंग्रजांच्या रिसाल्यात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, होते. घोडी गेली आणि रणगाडे आले, तेव्हा पलटणीनं काढून टाकलेली सहा जनावरं त्यांनी घरी आणली. दादांनी त्यांतून ही पागा उभी केली. शनिवार-रविवारी कँपातल्या साहेबांची मुलं जीपमधून रपेट शिकायला येत. नगरातल्या डॉक्टर-वकिलांचीही येत. सगळ्यांना पहिल्यांदा रेवडीवर बसवायचं. रेवडी वीस वर्षांची करडी घोडी. तिच्या अंगावर तिळासारखे ठिपके होते. नगरात ज्याला घोड्यावर बसता येतं तो एकदा तरी रेवडीवरून पडलेला असतो, असं दादा म्हणत. पडलेल्या पोराला हुंगून ती तिथंच उभी राहायची, हेही ते सांगत, पण ते पोराच्या आईला.

पूजा आटोपशीर झाली. एरवी खंडेनवमीला घोडी न्हाऊ घालत. यंदा सगळ्यांच्या अंगावरून नुसती ओली गोणपाटं फिरवली. मुलं घरीच ठेवून सणाला आलेल्या केशर-काकासाहेबांनी झेंडू कोपरगावहून आणला होता, तिथं कालव्याला थोडं पाणी होतं. दादांच्या थोरल्या बहिणीनं, सोनईच्या साळूबाईनं, प्रत्येक जनावराला हळदकुंकू लावलं आणि प्रत्येकाला नावानं काही ना काही बोलली. मग दादांनी ओंजळीनं पहिली चंदी भरवली. चंदी म्हणजे घोड्याचा दाण्याचा खुराक, रात्रभर भिजवलेले हरभरे. ती मालकानं भरवली की त्या दिवशी जनावराच्या तोंडात लगाम जायचा नाही. त्यानं दिवसभर उभं राहायचं आणि खायचं. पागेची ही रीत दादांच्या वडिलांपासूनची.

पुरुषमंडळी पानावर बसली तेव्हा छबूबाई नैवेद्याच्या तीन पुरणपोळ्या पदराखाली घेऊन मागच्या दारानं पागेत गेली. उद्या या वेळी रेवडीची जागा रिकामी असणार होती. केशरच्या दोन बाळंतपणांपासून गोरक्षाच्या शाळेपर्यंत या घरात जे काही आलं ते आधी या घोडीच्या पाठीवरून आलं, असं छबूबाई मनात धरून होती. ते घोडीला सांगायचं तर कसं, म्हणून तिनं पोळ्या आणल्या होत्या. रेवडीनं त्या तिच्या हातातून ओठांनीच उचलल्या. एक खाली पडली, तीही हुडकून खाल्ली. छबूबाईला एवढंच दिसलं की घोडीचे ओठ चिकट आहेत आणि त्यांवर माश्या बसल्या आहेत. सणाचा दिवस, कुणीतरी काही लावलं असेल, असं वाटून तिनं पदरानं ओठ पुसले आणि वाढायला परत गेली.

जेवणं संपता संपता पागेतून लाकडावर खूर आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा. दादांनी हातातला सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला आणि अनवाणीच निघाले.

रेवडी मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहत होती. पुढच्या पायानं माती उकरत होती. गळ्यातल्या झेंडूच्या माळेखालचं अंग घामानं काळं झालं होतं. दादांना ओळखायला फार वेळ लागला नाही. पोटशूळ, ते म्हणाले. कुणी सांगायच्या आधीच काकासाहेबांनी राजदूत मोटारसायकलला लाथ मारली आणि भिंगारला दत्तोपंतांना आणायला गेले. दत्तोपंत लष्कराच्या घोड्यांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते. म्हातारे शिपाई त्यांना अजून सलोत्रीच म्हणत.

घोडी गुडघे मोडू लागली तशी दादांनी खुंटीचा दोर सोडला आणि आजूबाजूला पाहिलं. गोरक्ष गाडीपाशी होता. साळूबाई देवाचं नाव घेत होती. दादांनी दोर केशरच्या हातात दिला.

"चालीव हिला. बसू देऊ नको. लोळली तर आतडं पिळवटतंय."

केशरनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि घोडी रिंगणात आणली. तिच्या हातात या पागेतला दोर दादांनी अकरा वर्षांत दिला नव्हता. तेरा वर्षांची होईपर्यंत ती रेवडीवर दौडायची. मग एके दिवशी दादा म्हणाले, आता पुरे, आणि पुरे झालं. तिला राग आला होता, पण रागापेक्षा जास्त काळ तिला ते दिवस पुरले होते. कोपरगावच्या मोठ्या घरात, बारा माणसांच्या समोर, मान खाली न घालता उभं राहायला ती या रिंगणात शिकली होती. ती आता घोडीच्या कानापाशी चालत होती आणि तिला घोडीचा श्वास ऐकू येत होता. तो तोंडाशी गोड आणि आंबूस येत होता. केशरचं मन त्या वासापाशी अडकलं. सकाळी दादा आंघोळीला गेले असताना तिनं गुळाचा एक खडा दिला होता. खडा म्हणजे तसा मोठा. तिच्या मुठीत मावला नव्हता.

दत्तोपंत राजदूतवर मागे बसून आले. मांडीवर चामड्याची जुनी पिशवी, गळ्याभोवती रबरी नळीचं वेटोळं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. घोडीच्या कुशीला कान लावला, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. जबड्याच्या हाडाखालच्या शिरेवर दोन बोटं ठेवून घड्याळाकडे पाहिलं.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "नाडी चाळीसच्या आसपास हवी. आणि पोटात काही आवाजच नाही. काय खाल्लंय हिनं?"

दादांनी सांगितलं. शेरभर भिजवलेली चंदी, पेंढीभर कडबा. सणाची म्हणून आज एक ओंजळ जास्त.

"राधाकृष्णराव, ओंजळभर हरभऱ्यानं असं होत नाही. पाणी किती पितात हल्ली?"

"निम्मं," गोरक्ष म्हणाला. "गेल्या पंधरवड्यापासून सगळ्यांनाच निम्मं."

दत्तोपंतांनी मान हलवली. ते हळू बोलत, आणि हळू बोलले की समोरचा गप्प व्हायचा. घोड्याला ओकता येत नाही, ते म्हणाले. माणसानं जास्त खाल्लं तर पोट स्वतःच ते बाहेर टाकतं. घोड्याच्या पोटाचं वरचं दार एकाच बाजूला उघडतं. आत गेलेलं पुढंच जायला हवं, नाहीतर पोट फाटतं. पोटात काय आहे हे कळलं, तर कुठलं औषध द्यायचं आणि किती घाई करायची ते ठरवता येईल.

"कुणी दिलं आणि का दिलं, हे मी विचारत नाही. काय आणि किती, एवढंच सांगा."

 केशर घोडीला घेऊन रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला पोचली होती. तिथूनच ती म्हणाली, "गूळ. एवढा," आणि मोकळ्या हाताची बोटं पसरून दाखवली.

"म्या पोळ्या दिल्या," छबूबाई म्हणाली. "तीन. पुरनाच्या."

दादांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

साळूबाईनं दोनदा खाकरून घेतलं. "राधू, आता तू चिडू नको. म्या सोनईहून येताना हरबरं आनलं हुतं. वाळलं. पदरभर." थांबून ती पुढं म्हणाली, "माझं मालक गेलं त्या वक्ताला एस्ट्या बंद हुत्या. तू ह्याच घोडीवर रातीतून आल्तास. म्या तवा तिला पानीसुदीक दिलं न्हवतं. कुनाला सुचतंय तसल्या वक्ताला. मनात राहिलं हुतं."

"वाळलेले," दत्तोपंत म्हणाले. "म्हणजे आत जाऊन फुगणार. दुप्पट."

"मला काय ठावं, पंत. आमच्यात पाव्हन्याला भिजवून देत न्हाईत."

गोरक्षाला हसू आलं आणि त्यानं तोंड फिरवलं. तेवढ्यात काकासाहेबांनी राजदूतच्या किल्लीशी चाळा थांबवला. सावेडीपासून येवल्यापर्यंत ओळखी असलेला हा धिप्पाड माणूस एकदम लहान वाटू लागला.

"मी पेढे दिले."

"पेढे?" केशरनं विचारलं.

"पावशेर. नगरात घेतले हुते, इथं येताना." ते बायकोकडे न पाहता सासऱ्यांशी बोलत होते. "मामा, लग्नात वरातीला तुमी मला हिच्यावर बसीवलं. मला घोड्याची लई भीती. आजून हाय. बँडवाल्यानं कानापाशी ताशा वाजीवला, फटाके लावले, पन ही हालली न्हाई. सगळ्या कोपरगावासमोर मला पाडलं न्हाई हिनं. उद्या जानार म्हनून म्हटलं, निदान पेढे तरी."

"आन् यापारी तुमीच आनला," साळूबाई म्हणाली.

"मीच आनला की, आत्या. म्हनून तर दिले."

दत्तोपंतांनी पिशवी उघडली होती. आता घाई करायला हवी, एवढंच ते म्हणाले. नळी नाकातून पोटापर्यंत घालायची, कोमट पाणी सोडायचं, तेच पाणी उलटं बाहेर काढायचं, मग पुन्हा नवं. आतलं स्वच्छ होईपर्यंत. शेवटी तेल. पाणी माणसाच्या पिण्याचं असावं, हौदातलं गाळाचं चालणार नाही. किती लागेल? एक पिंप तरी. कदाचित जास्त.

सगळ्यांनी गोरक्षाकडे पाहिलं. पाणी त्याचं होतं. तोच ते आणत होता, तोच मोजत होता, तोच दगड ठेवत होता. उद्या दसरा, विहीर बंद, पुढची खेप परवा सकाळी. निम्म्या पिंपात दोन दिवस, सहा माणसं आणि दसऱ्याचा स्वयंपाक. शिवाय ही घोडी उद्या व्यापाऱ्याला द्यायचीच होती. वीस वर्षांच्या घोडीला तो कितीसं मोजणार होता? गोरक्षाच्या डोक्यात हा सगळा हिशेब सुटा सुटा आणि बरोबर होता. दहा वर्षांचा असताना या रिंगणात तो पडला होता आणि त्याचा पाय रिकिबीत अडकला होता. जनावर उधळलं असतं तर त्याचं डोकं दगडावर फुटत गेलं असतं. रेवडी त्याच्यावर चार पाय रोवून दादा येईपर्यंत उभी राहिली. त्यानंतर तो घोड्यावर बसला नाही. हे हिशेबात कुठं धरायचं हे त्याला कधी ठरवता आलं नव्हतं.

तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. भरलेल्या पिंपावरचा दगड काढून जमिनीवर ठेवला. मग छबूबाईला चुलीवर मोठं पातेलं चढवायला सांगितलं.

पुढचा बराच वेळ कामातच गेला. दत्तोपंतांनी नळीला तेल लावून ती घोडीच्या नाकपुडीतून हळूहळू आत सारली. घोडीनं गिळायची वाट पाहत थांबले, दुसऱ्या टोकाला तोंड लावून हुंगलं. आंबट वारा सुटला. बरोबर जागी आहे, ते म्हणाले. गोरक्ष घागरीतून नरसाळ्यात पाणी सोडू लागला. काकासाहेब भीत भीत घोडीचं डोकं धरून उभे राहिले आणि दोन्ही डोळे मिटून राहिले. दादा नळी वर धरत आणि दत्तोपंतांनी खूण केली की खाली बादलीत सोडत. खाली सोडली की आत गेलेलं पाणी उलटं यायचं. आधी पिवळं, मग तपकिरी, फुगलेल्या हरभऱ्याच्या सालींनी भरलेलं. प्रत्येक बादली दत्तोपंत काठीनं ढवळून पाहत. पुरणाचा वास छबूबाईनं ओळखला आणि ती आत निघून गेली.

चौथ्या बादलीत लालसर, पिठूळ गोळे आले.

"हे काय?" दत्तोपंतांनी काठीवर एक गोळा उचलला.

रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची ती भाकरी होती. घरात आज सणाचं म्हणून कुणी मिलो शिजवला नव्हता. फक्त पहाटे पाण्याच्या खेपेला जाणाऱ्याच्या फडक्यात दोन भाकरी बांधल्या होत्या.

गोरक्षानं घागर वाकडी धरून ठेवली होती. पाण्याची धार थांबली नव्हती.

"त्या माज्या," तो म्हणाला. "सकाळी. गाडी सोडल्यावर."

दादांनी नळी हातातून खाली येऊ दिली नाही. ते मुलाकडे नुसते पाहत राहिले. साळूबाईनं मात्र कपाळावर हात मारला. "आगं बया," ती म्हणाली. "सारा नगर जिल्हा खडी फोडून सरकारी सुखडीवर जगतोय, आन् आपल्या घोडीला अजीर्न झालं. हिला उपाशी मरू द्यायची न्हाई म्हनून इकायची. तर ही खाऊन मरतीय." काकासाहेबांनी डोळे उघडले. छबूबाई दारात परत येऊन उभी होती. तिच्या तोंडातून हसण्यासारखा आवाज निघाला आणि ती तो पदरानं दाबू लागली. साळूबाई थांबली नाही. "सहा मानसं. त्यातली पाच चोरून. आन् म्हनं, ह्यांना घालायला आमच्याकडं काय न्हाई."

आठवी बादली जवळजवळ स्वच्छ आली. दत्तोपंतांनी शेरभर जवसाचं तेल सोडलं आणि नळी काढली. नाडी साठ, ते म्हणाले. आता फक्त चालवायचं आणि वाट पाहायची.

केशर पुन्हा रिंगणात गेली. या वेळी काकासाहेब तिच्या बरोबरीनं, पण घोडीपासून लांबच्या बाजूनं, चालू लागले. दोघं हळू बोलत होती. बाकीच्यांना शब्द ऐकू येत नव्हते, पण केशर बोलतेय आणि काकासाहेब मान हलवतायत, एवढं दिसत होतं. तिसऱ्या फेरीला काकासाहेब थांबले आणि दादांकडे आले.

केशरचं म्हणणं असं, त्यांनी सांगितलं, की कोपरगावला उसाचं वाढं आहे. काही म्हटलं तरी अजून बांधावर वाळून जातं. कालव्याचं पाणी थोडं का होईना, पण येतं. गोठ्याचा एक बाजूचा खण मोकळा आहे. पाऊस पडेपर्यंत पाच जनावरं तिकडं राहतील. सांभाळायला कुणी नको, ती स्वतः बघेल. काकासाहेबांच्या वडिलांना काय सांगायचं ते काकासाहेब सांगतील.

"सांगाल?" दादांनी विचारलं.

"सांगीन मामा. अवघड हाय. पन आज पेढ्याचं सांगितलं, त्यापरीस अवघड न्हाई."

"आन् तीन माज्याकडं," साळूबाई लगेच म्हणाली, जणू कुणी तिची पाळी आधी घेतली होती. "आमच्या हिरीला आजून पुरुषभर पानी हाय. पोरगा कुरकुर करंल, करू दे. तालुक्याला जायचं तर एस्टीची वाट बघत बसतोय. घोड्यावर जाईल." मग तिला आठवलं. "वाळलं हरबरं देनार न्हाई. भिजवून."

गोरक्ष उभा राहून ऐकत होता. पाच आणि तीन. त्यानं मागे कधीतरी, आपल्याशीच, एका खेपेच्या पाण्यात किती घोडी बसतात ते काढून ठेवलं होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून तो बोलला नव्हता.

"तीन ऱ्हातील इथं," तो म्हणाला. "एका खेपंत तीन बसत्यात. शनवार-ऐतवारची पोरं मोडायची न्हाईत."

यात आपण कुणाच्या बाजूनं बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. छबूबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. भाद्रपदात ती त्याच्या बाजूनं होती, आताही होती.

येवल्याच्या व्यापाऱ्याचं काय, असा प्रश्न निघाला. उद्या तो इतक्या लांबून येणार. काकासाहेब म्हणाले, त्याला जेवू घालू आणि खरं सांगू. खरं काय सांगणार, असं छबूबाईनं विचारलं.  आजचं खरं सांगितलं तर तो म्हणेल, या माणसांनी दुष्काळात घोडीला पेढे चारले, यांचं डोकं फिरलं आहे. शेवटी साळूबाईनं ते काम आपल्याकडे घेतलं. मी बोलते त्याच्याशी, ती म्हणाली, आणि ज्या सुरात म्हणाली तो ऐकून काकासाहेबांना व्यापाऱ्याची दया आली.

 पागा मोडणार नव्हती, पण अकरा खुंट्यांपैकी आठ रिकाम्या होणार होत्या. एका पावसाळ्यासाठी की दोन, हे कुणाच्या हातात नव्हतं.  दादा खाली बसून नळीखालचं ओलं पोतं पिळू लागले. पोत्यातलं पाणी त्यांनी जमिनीवर सांडू दिलं नाही. बादलीत धरलं आणि दारातल्या तुळशीला नेऊन घातलं. परत येताना गोरक्षापाशी थांबले.

"पानी दिलंस."

"पिंपात हुतं," गोरक्ष म्हणाला.

"तुझ्या भाकरी दिल्यास, म्हंजी दोन खेपा उपाशी केल्यास?"

"आयेनं पोळ्या वाढल्या की जेवायला."

"जेवायला दुपारी. खेपा सकाळी." दादांनी त्याच्या खांद्यावरच्या वळावर हात ठेवला. नेमका कुठं ठेवावा हे त्यांना ठाऊक नसावं, कारण त्यांनी तो लगेच उचलला आणि थोडा बाजूला पुन्हा ठेवला. "तुझ्या आज्ज्यानं सहा घोडी आनली तवा लोक म्हनले, एवढी कशी जगवनार. त्यानं सांगितलं, मी एकटा कुठं जगिवतो. मला तवा वाटायचं, आज्जा देवाबद्दल बोलतोय."

ते रेवडीकडे वळले. 

ऊन कलंडलं, रिंगणावर पिंपळाची सावली लांबली. घोडी चालता चालता थांबली. केशरनं दोर ओढला नाही. रेवडीनं शेपटी उचलली. आधी वारा सरला, मग लीद पडली. घट्ट, तेलानं चमकणारी, भरपूर. साळूबाईनं दोन्ही हात जोडले. काकासाहेब, ज्यांनी आयुष्यात घोड्याच्या मागच्या बाजूला पाहायचं टाळलं होतं, दोन पावलं पुढं येऊन नीट पाहू लागले.

"आता खाली घाला तोंड," दत्तोपंत घोडीला म्हणाले, आणि बादलीत थोडं पाणी ठेवायला सांगितलं. ते स्वतः एका दगडावर टेकले. गुडघे दुखत असल्याचं ते कधी सांगत नसत, पण आज उठले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून गोरक्षासमोर धरलं.

"इकडे ये. जबड्याच्या हाडाखाली, आतल्या बाजूला. दोन बोटं. दाबू नकोस, नुसती ठेव. सापडली?"

गोरक्षानं बोटं ठेवली. घोडीची कातडी उबदार आणि ओलसर होती. केसांखाली एक बारीक दोरी सरकल्यासारखी वाटली. मग तिच्यात काहीतरी उचललं गेलं, आणि पुन्हा.

"सापडली."

"सेकंदाचा काटा बारावर आला की सुरू कर. पुन्हा बारावर येईपर्यंत मोज. मध्ये बोलू नकोस."

 केशर दोर सैल धरून उभी होती. छबूबाई दारात, साळूबाई तिच्या मागे. दादा घोडीच्या दुसऱ्या अंगाला, तिच्या मानेवर हात ठेवून मुलाच्या ओठांकडे पाहत होते. ओठ हलत होते. रेवडी एकदा जांभई दिल्यासारखं तोंड उघडून स्थिर झाली.

गोरक्षानं घड्याळ परत दिलं.

"किती?" दादांनी विचारलं.

"चव्वेचाळीस."